लोखंडी कपाटातला गेंडा

वस्तीत कोणाचा जातीचा दाखला अडला, कोणाच्या प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज परत आला, की आम्हाला बोलावणे येते. कारकुनी पेशा आणि त्यात बी.कॉम., त्यामुळे कागद आम्हाला घाबरत नाहीत आणि आम्ही कागदांना घाबरत नाही. घरगुती भांडणातही कधीकधी जावे लागते. पण गेल्या मार्चमध्ये आमच्या भाचीचा जो फोन आला, तसा यापूर्वी कधी आला नव्हता.

"मामा, लवकर या. ट्रान्सफॉर्मरवरून आई आणि दादाचं कडाक्याचं वाजलंय."

आम्हाला वाटले, कोपऱ्यावरची डीपी पुन्हा जळाली असणार आणि वर्गणी काढण्यावरून वाद झाला असणार. आम्ही वीज कंपनीकडे करायच्या अर्जाचा मसुदा मनात जुळवीतच निगडीच्या ओटा स्कीममध्ये पोहोचलो. बघतो तर ताई ओट्यावर डोक्याला हात लावून बसलेली, भाचा भिंतीकडे तोंड करून उभा, आणि मध्ये जमिनीवर वीतभर उंचीचा, राखाडी-सोनेरी रंगाचा प्लॅस्टिकचा डायनासोर! हाच तो ट्रान्सफॉर्मर. किंमत अकरा हजार रुपये.

"अकरा हजार, भाऊ!" ताई म्हणाली. "पोरीच्या नर्सिंगचा हप्ता भरायचाय अठरा हजारांचा. बाबासाहेबांनी पुस्तकं जमवली, आणि हा काय जमवतो, तर पाली आणि सरडे!"

वाचक हो, खरे सांगायचे तर आम्हीही त्या पोराला झापायच्याच तयारीने खुर्चीत बसलो. भाचा बावीस वर्षांचा. मोरवाडीच्या आयटीआयमधून टूल अँड डायचा कोर्स केलेला आणि चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी पद्धतीवर लागलेला. महिन्याला हातात साडेसोळा हजार पडतात. व्यसन नाही, सुपारीचे खांडही नाही. आम्ही म्हटले, आधी तुझे कपाट तर दाखव, मग काय ते बोलू.

लोखंडी कपाटाचा खालचा अर्धा भाग त्याचा. वरच्या भागात दाजींचे कपडे आणि घरची कागदपत्रे. त्याने दार उघडले आणि आमची बोलती बंद झाली. वाघ, चित्ता, गोरिला, उंदीर, कोळी, विंचू, गांधीलमाशी अशा एकंदर चौतीस आकृत्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीच्या पायाखाली वहीच्या कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर नाव, साल, कधी घेतली, कितीला घेतली. आमच्या ऑफिसातले डेडस्टॉक रजिस्टरसुद्धा इतके नीट नाही, हे आम्ही तेव्हा बोललो नाही, पण मनात आले.

मग त्याने जमिनीवरचा तो भांडणाचा डायनासोर उचलला. शेपटीचे दोन भाग करून खाली ओढले, ते पाय झाले. डायनासोरचे मागचे पाय वर फिरवले, ते हात झाले. लांब जबड्याचे डोके मागे पाठीवर दुमडले आणि आतून माणसासारखे डोके वर काढले. अर्ध्या मिनिटात प्राण्याचा यंत्रमानव झाला. एकही तुकडा निखळला नाही, एकही वेगळा जोडावा लागला नाही. आमच्या तोंडून नकळत "पुन्हा कर" असे निघून गेले. ताईने आमच्याकडे जे पाहिले, ते आम्ही जन्मात विसरणार नाही.

या खेळण्यांची जन्मकथा जपानमधली आहे. तेथे ताकारा नावाची कंपनी गाड्या, विमाने, पिस्तूल, कॅसेट यांचे यंत्रमानव होणारी खेळणी विकत होती. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती घेतली आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणली, जोडीला कार्टून मालिकाही काढली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, डायनासोर बनणारे पाच यंत्रमानव आले. त्यांना 'डायनोबॉट' म्हणतात. त्यांचा म्होरक्या ग्रिमलॉक. आमच्यासमोर उभा होता तो हाच. तो शेपूट जमिनीला टेकवून, ताठ उभा राहतो, कारण तेव्हाच्या चित्रांत हा प्राणी तसाच दाखवीत. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले की तो शेपूट उचलून, अंग आडवे ठेवून चालत असे. म्हणून अलीकडच्या सिनेमांतला असा डायनासोर पुढे झुकलेला असतो.

दुसरी मोठी लाट १९९६ ची. त्या साली 'बीस्ट वॉर्स' नावाची मालिका आली. हॅस्ब्रोच्याच केनर या शाखेने खेळणी काढली आणि कॅनडातील व्हँकुव्हरच्या मेनफ्रेम कंपनीने सगळी मालिका संगणकावर तयार केली. तिच्यात गाड्या नाहीतच. जो तो प्राणी. सज्जनांचा नेता ऑप्टिमस प्रायमल हा गोरिला, दुर्जनांचा नेता मेगाट्रॉन हा डायनासोर. रॅटट्रॅप नावाचा उंदीर आहे, चीटॉर नावाचा चित्ता, ऱ्हायनॉक्स नावाचा शांत स्वभावाचा गेंडा. भाच्याचे सगळे प्रेम या १९९६ च्या मंडळींवर. आम्ही विचारले, गाड्या का नाही? तो म्हणाला, "मामा, गाड्या दिवसभर कंपनीत बघतोच की."

आता थोडे आमचेही सांगतो. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल ही कंपनी आपल्या देशात काढली. गोव्यात तिचा कारखाना. तिची जी. आय. जो नावाची सैनिकांची खेळणी नव्वदच्या दशकात पिंपरी कॅम्पातल्या दुकानांच्या काचेआड टांगलेली असत. आमचे वडील पाळीवरून सुटले की त्यांचा हात धरून आम्ही त्या काचेपुढून जात असू. वडील कधी "नको" म्हणाले नाहीत, फक्त चालण्याचा वेग वाढवीत. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी खेळणे पाहिले ते असे, काचेतून आणि भराभर. भाच्याच्या कपाटासमोर उभे असताना हे आठवले आणि झापण्याचा अर्धा जोर तिथेच ओसरला.

पण हिशेब तो हिशेबच. आम्ही वही मागितली. त्याच्याकडे ती होती. तीन वर्षांत नवी एकोणीस नग, अडतीस हजार नऊशे रुपये. जुनी वापरलेली पंधरा नग, एकवीस हजार सहाशे. कुरिअरचे एकोणीसशे. एकूण बासष्ट हजार चारशे. छत्तीस महिन्यांनी भागले तर महिना सतराशे तेहतीस, म्हणजे पगाराच्या दहा टक्क्यांपेक्षा थोडे जास्त. आम्ही बेरीज मोठ्याने वाचली. ताई गप्प झाली, कारण तिला वाटत होते त्यापेक्षा आकडा मोठा निघाला. भाचाही गप्प झाला, कारण त्याने कधी एकूण बेरीज केलीच नव्हती. पानापानाची केली होती, पुढे ओढली नव्हती. कच्च्या हिशेबाची हीच खोड असते.

या खेळण्यांना एवढे पैसे का पडतात, हेही आम्ही विचारून घेतले. एक कारण सरकारी आहे. परदेशी खेळण्यांवरची जकात फेब्रुवारी २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. देशी खेळणीवाल्यांना आणि मुलांच्या आरोग्याला ते चांगलेच. माता-भगिनींनी लहान मुलांचे खेळणे घेताना हे चिन्ह जरूर पाहावे, आणि तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती बारीक सुटे भाग किंवा बटणासारखा सेल असलेले काही देऊ नये. मात्र संग्राहकाचा खिसा या नियमांनी चांगलाच कापला जातो.

दुसरे कारण भाच्याने सांगितले, आणि तिथे आम्हाला कळले की या पोराचे डोके कुठे चालते. त्याने चित्ता आणि पांढरा वाघ शेजारी ठेवले. "मामा, नीट बघा. दोन्ही एकच आहेत." चित्ता तो चीटॉर, वाघ तो टायगाट्रॉन. साचा एक, रंग वेगळा, नाव वेगळे, मालिकेतला स्वभावही वेगळा. तसेच टॅरँटुलस नावाच्या कोळ्याच्या साच्यातून ब्लॅकअरॅक्निया ही कोळीण निघाली. पोलादी साचा बनवायला फार पैसा लागतो. एकदा बनला की त्यातून जितके नग काढाल तितका तो परवडतो, म्हणून कंपनी रंग बदलून त्यातूनच दुसरे पात्र काढते. भोसरीच्या टूलरूममध्ये ज्यांनी हात काळे केले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे बादलीचा रंग बदलतो, तिकडे वाघाचा.

मग त्याने नखाने एकेक खूण दाखवली. प्लॅस्टिकचा रस साच्यात शिरला ती जागा, साच्याचे दोन अर्धे जिथे मिळाले ती रेघ, नग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे. गोटी-वाटीचा सांधा, म्हणजे आपल्या खांद्यासारखा, बीस्ट वॉर्सच्या खेळण्यांत भरपूर वापरला गेला, म्हणून ती कोणत्याही पवित्र्यात उभी राहतात. अशी गोटी ढिली झाली तर तिच्यावर नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, सांधा पुन्हा घट्ट होतो. (भाचीची नेलपॉलिश कुठे जाते, याचा उलगडा त्या दिवशी झाला आणि एक नवे भांडण होता होता राहिले.) पांढरे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते, म्हणून कपाट खिडकीपासून दूर. जुन्या खेळण्यांत एक सोनेरी चकाकीचे प्लॅस्टिक असे, ते वयाने इतके ठिसूळ होते की नुसते वळवले तरी बिस्किटासारखे तुटते. त्या जातीचे जुने खेळणे कोणी कितीही स्वस्त दिले तरी घेऊ नये.

हे सगळे तो बोलत असताना दाजी दुसऱ्या पाळीवरून आले. त्यांनी डबा ठेवला, हातपाय धुतले आणि काही न बोलता तो गेंडा, २०२१ साली निघालेला नवा ऱ्हायनॉक्स, हातात घेऊन बसले. दाजींनी एका वाहन कारखान्यात चौदा वर्षे स्पॉट वेल्डिंगची गन ओढली आहे. वरून टांगलेली ती गन दिवसातून शेकडो वेळा खाली ओढायची, दाबायची, सोडायची. उजवा खांदा त्यातच गेला. मग लाइनवर यंत्रमानव आले.

"तो आला म्हणून माझा खांदा वाचला," दाजी म्हणाले. "पण माझ्याबरोबरचे सहा जण घरी गेले. मी परमनंट होतो म्हणून राहिलो. ते कंत्राटी होते."

खोलीत कोणी काही बोलले नाही. भाचाही कंत्राटीच आहे.

'रोबो' हा शब्द आला कुठून, ते आम्ही नंतर शोधून वाचले. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले. माणसाची कामे करण्यासाठी कारखान्यात बनवलेले कामगार त्यात आहेत, आणि शेवटी ते मालकांवर उलटतात. त्यांना काय म्हणावे हे चापेकना सुचेना, तेव्हा त्यांचे चित्रकार भाऊ योसेफ यांनी हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदारासाठी कुळांनी फुकट करायचे सक्तीचे काम. हे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. वेठ म्हणजे काय, हे आमच्या आजोबांना कोणत्या शब्दकोशातून शिकावे लागले नव्हते. सरकारी सांगावा घेऊन रात्री-अपरात्री धावणे, मेलेले ढोर ओढणे, आणि वर बलुत्यासाठी दारोदार. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडले. ज्यांच्या घराण्याने वेठ केली त्या घरातले पोर आज 'वेठकरी' नावाचे खेळणे पगारातून विकत घेते, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटावा की कसला, ते ठरवता येत नाही.

खरा यंत्रमानव कारखान्यात प्रथम कामाला लागला तो १९६१ साली, अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात. त्याचे नाव युनिमेट, आणि काम गरम ओतीव भाग उचलून ठेवण्याचे. आपल्या चिंचवडचीही यात हजेरी आहे. टाटा मोटर्सच्या टॅल या कंपनीने 'ब्राबो' नावाचा देशी बनावटीचा यंत्रमानव २०१६ मध्ये लोकांसमोर ठेवला. भाच्याला तो पाठ होता. कोणता सांधा किती वळतो, हेही त्याला ठाऊक. "मामा, खेळण्याचा सांधा आणि त्याचा सांधा, विचार एकच आहे. हा मी हाताने वळवतो, तो मोटरने वळतो." त्याला ते मोटरवाले शिकायचे आहे. कंपनीत यंत्रमानवाला कामाचे धडे देणारी जी मुले असतात, त्यांच्या मागे उभा राहून तो जेवणाच्या सुट्टीत बघत असतो.

एवढे सगळे झाल्यावर पुन्हा ग्रिमलॉककडे वळलो. आम्ही सहज विचारले, हा खराच १९८५ चा कशावरून? त्याचा चेहरा उतरला. खरी गोष्ट त्याने आईलाही सांगितली नव्हती. १९८५ च्या खेळण्यांवर एक लहान चौकोनी कागद चिकटवलेला असे. अंगठ्याने घासला की उष्णतेने त्यातून लाल किंवा जांभळे चिन्ह उमटे, आणि खेळणे कोणत्या पक्षाचे ते कळे. अस्सल-नक्कल ओळखण्याचीही ती एक खूण होती. भाच्याने आमच्यासमोर अंगठा घासला. काही उमटले नाही. तसा झिजलेला जुना कागद कधीकधी अस्सलवरही मुका राहतो. पण हा माल डब्यातून न काढलेला कोरा म्हणून विकला होता. पोटाखाली जिथे कंपनीचे नाव आणि साल कोरलेले असते, तिथे नुसता गुळगुळीत चट्टा. साच्यातून नाव खरवडलेले. टूलरूमच्या पोराला चट्टा दिसताच सारे कळले होते. अकरा हजारांची नक्कल! आणि म्हणूनच तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, आईच्या बोलण्यामुळे नव्हे.

पैसे त्याने विक्रीच्या संकेतस्थळामार्फत न भरता, दोन हजार स्वस्त मिळते म्हणून, विकणाऱ्याच्या खात्यावर परस्पर पाठवले होते. त्यामुळे संकेतस्थळाने हात वर केले. आम्ही त्याच रात्री १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. वाचकांनी हे दोन्ही क्रमांक घरात लिहून ठेवावेत. फसवणूक लक्षात येताच पहिल्या काही तासांत १९३० ला कळवले तर रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या पोराने लाजेपोटी नऊ दिवस घालवले. विकणाऱ्याचे खाते रिकामे झाले होते. तक्रारीचा क्रमांक आमच्याकडे आहे, पैसे अजून नाहीत.

ताईला हे कळल्यावर ती आणखी भडकेल असे आम्हाला वाटले होते. ती भडकली नाही. ती उठली आणि तिने चहा टाकला. कप देताना पोराला इतकेच म्हणाली, "फसलास ते सांगायचं होतंस. मी काय परकी आहे?"

हप्त्याचा प्रश्न राहिलाच होता. पोराने स्वतःच बारा आकृत्या बाजूला काढल्या. जी एकाच साच्यातली आहेत त्यांतली एकेक, आणि नवी पण मन न बसलेली. मुंबई-पुण्यात अशा संग्राहकांची आपापसांत ओळख असते. त्यांच्यात तीन आठवड्यांत नऊ गेल्या आणि चौदा हजार दोनशे आले. उरलेले तीन हजार आठशे दाजींनी ओव्हरटाइमचे घातले. पावती आम्ही स्वतः पाहिली. विकताना प्रत्येक डब्यात त्याने चिठ्ठी घातली होती की कोणता सांधा ढिला आहे आणि कुठे ओरखडा आहे. एक संग्राहक म्हणे ती वाचून दोनशे रुपये जास्त देऊन गेला.

यापुढे महिन्याला सहाशेच्या वर नाही, असे ठरले आहे. जुने बीस्ट वॉर्स नग फुगवलेल्या भावाने घेण्याची घाईही त्याने सोडली आहे, कारण २०२१ मध्ये अमेरिकेत जुन्या साच्यांवरच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, आणि पुन्हा निघतीलही. तेवढ्यात त्याने यंत्रमानव चालवण्याच्या एका वर्गाची चौकशी केली. फी ऐकून परत आला. त्या फीचे काय करता येईल, ते आम्ही पाहत आहोत.

नकली ग्रिमलॉक विकायचा नाही, असे त्याचे म्हणणे. विकला तर आणखी कोणी फसेल. तो आता कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उभा आहे, पायाखालच्या चिठ्ठीसह. तीवर लिहिले आहे: नक्कल, रु. ११,०००. गेल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा कप्प्यातला गेंडा जागेवर नव्हता. शोधला तर दाजी ओट्यावर बसून त्याचा यंत्रमानव करीत होते. उजवा खांदा दुखतो म्हणून डाव्या हाताने. डोके काही बाहेर येत नव्हते, आणि ताई शेजारी बसून त्यांना सांगत होती, "अहो, आधी पाठीचं झाकण उघडा ना."